पायमॉल: ऑक्सी-हिमोग्लोबिन अर्धंच उघडतंय, आणि सिकलसेलचा व्हॅलिन सापडत नाहीये

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते. रेणूंची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा हातात घेतलं. विचारायला इथे कोणी नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. नेमकी कुठे चुकतेय ते तुमच्या लक्षात येईल.

आधी हे कशासाठी ते सांगते. दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात एक मुलगी आहे, एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेलचं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेली. आमच्याकडे 'एएस' (एकाच पालकाकडून आलेलं) आणि 'एसएस' हे शब्द रक्तगटासारखे घरोघरी माहीत आहेत. महिन्यातले चार-पाच दिवस ती येत नाही. आली की पहिल्या बाकावर बसते. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं: बीटा साखळी, १४६ अमिनो आम्लं, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. तिने विचारलं, "मॅडम, १४६ मधलं एक बदललं तर माझे गुडघे का दुखतात?" मी नेहमीचं उत्तर दिलं. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. ती म्हणाली, "ते दवाखान्यातल्या पोस्टरवर आहे. पेशीच्या आत काय होतं ते दाखवा ना."

मला ते दाखवता आलं नाही. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मुलांबरोबर त्यांचे आई-वडीलही येणार आहेत. प्रोजेक्टरवर रेणू फिरवून दाखवायचा आहे आणि एक फ्लेक्स करायचा आहे. चित्र खरं हवं. विळ्याचा आकार काढून वर बाण मारायचे नाहीत मला.

लॅबमधला कॉम्प्युटर विंडोज १०, ४ जीबी रॅम, इंटेलचं साधं ग्राफिक्स. पायमॉलची ओपन सोर्स आवृत्ती टाकली आहे. आता अडचणी.

ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन, पीडीबीतलं (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातलं) ४एचएचबी, नीट उघडतं. चार साखळ्या, चार हीम (ऑक्सिजन धरणारे लोहाचे भाग). ऑक्सिजन घेतलेलं १एचएचओ उघडलं की दोनच साखळ्या येतात. तीन वेळा डाउनलोड केलं. पीडीबीच्या संकेतस्थळावर तोच रेणू अख्खा दिसतो! माझ्या फाइलमध्येच काहीतरी तुटतंय असं वाटतं.

सिकलसेलची फाइल २एचबीएस आहे. त्या मुलीच्या जनुक तपासणीच्या कागदावर 'ग्लुटामिक ७ व्हॅलिन' असं आहे, पुस्तकात ६ आहे. कागद नवा, म्हणून मी ७ धरलं. पण २एचबीएसमध्ये सातव्या जागी ग्लुटामिकच आहे, ४एचएचबीमध्येही तेच. मग बदल कुठे आहे? ६ निवडून पाहिलं तर रेणूभर आठ ठिकाणी उजेड पडला. त्यातलं काय धरायचं ते कळेना.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका रेणूतला व्हॅलिन शेजारच्या रेणूला चिकटतो म्हणतात. मी मेनूतून 'पोलर काँटॅक्ट्स' काढून पाहिले. व्हॅलिनपाशी एकही पिवळी रेघ आली नाही.

शिवाय कार्टून (साखळीचं फितीसारखं चित्र) केलं की हीम गायब होतं. आणि फ्लेक्सवाल्याकडे नमुना नेला तर चित्राची मागची बाजू काळीकुट्ट आली.

कोणी हात धरून नेईल का?


स्फटिकवेडा

मॅडम, तुमची फाइल तुटलेली नाही आणि कॉम्प्युटरचाही दोष नाही. मी पुण्यात क्रिस्टलोग्राफीत पीएचडी करतोय. १एचएचओने आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला एकदा तरी चकवलं आहे. एकेक घेऊ. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. तुम्ही टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करा, फक्त साखळ्यांची नावं कॅपिटलमध्ये.

पत्त्यांतला राजा आठवा. वरचा अर्धा राजा काढला आणि 'हाच १८० अंशांत फिरवून खाली ठेवा' एवढं सांगितलं की पत्ता पुरा होतो. स्फटिकशास्त्रज्ञ फाइलमध्ये तेवढाच अर्धा राजा ठेवतात. त्याला असिमेट्रिक युनिट म्हणतात. १एचएचओच्या स्फटिकात रेणूचा स्वतःचा अक्ष आणि स्फटिकाचा अक्ष एकच पडला, त्यामुळे एक अल्फा आणि एक बीटा साखळी दिली की काम भागलं. फिरवण्याची सूचनाही फाइलमध्येच लिहिलेली असते. ४एचएचबीच्या स्फटिकात तसं झालं नाही, म्हणून तिथे चारही साखळ्या लिहाव्या लागल्या. संकेतस्थळावरचा मोल-स्टार (तिथलं रेणू दाखवणारं साधन) ती सूचना आपणहून पाळतो, पायमॉलला ती पाळायला सांगावं लागतं:

डिलीट ऑल
सेट असेंब्ली, १
फेच १एचएचओ

पहिली ओळ विसरू नका. जुना १एचएचओ उघडा असताना पुन्हा त्याच नावाने आणला तर नवा त्याच्यावरच रचला जातो आणि गोंधळ वाढतो. एवढं करूनही अर्धंच दिसलं तर दुसरा भाग दुसऱ्या स्टेटमध्ये बसलेला आहे. 'सेट ऑल_स्टेट्स, ऑन' केलं की दोन्ही दिसतील.

पण ऑक्सी (ऑक्सिजन घेतलेलं) आणि डीऑक्सी (ऑक्सिजन सोडलेलं) एकमेकांवर ठेवून दाखवायचे असतील तर एवढं पुरत नाही, कारण दोन्ही अर्ध्यांतल्या साखळ्यांची नावं ए आणि बी हीच राहतात. 'स्प्लिट_स्टेट्स १एचएचओ' करा, दोन वेगळे ऑब्जेक्ट मिळतील. दुसऱ्यातल्या ए-बीची नावं 'ऑल्टर' कमांडने सी-डी करा आणि मग 'क्रिएट' वापरून दोन्ही मिळून 'ऑक्सी' नावाचा एकच ऑब्जेक्ट बनवा. हे न करता अलाइन केलंत तर एक अर्धा सरकेल आणि दुसरा होता तिथेच राहील. नंतर:

अलाइन ऑक्सी अँड चेन ए+बी, ४एचएचबी अँड चेन ए+बी

ए-बी एकमेकांवर बसतात आणि सी-डीची जोडी सुमारे १५ अंशांनी फिरलेली दिसते. हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेताना आणि सोडताना जी हालचाल करतं ती हीच. हॉलमध्ये हे जरूर दाखवा. सिकलसेलचे रेणू एकमेकांना चिकटतात ते ऑक्सिजन सोडल्यानंतरच्या आकारात, आणि २एचबीएस ही फाइलसुद्धा डीऑक्सी आहे.

आता ६ की ७. कागदही बरोबर आहे आणि पुस्तकही. जनुकावरून मोजताना पहिला मेथिओनिन धरतात. पेशीत साखळी तयार होताना तो कापला जातो, म्हणून रक्तातल्या प्रथिनात सगळे आकडे एकाने खाली येतात. पीडीबीतल्या या फाइली प्रथिनाप्रमाणे मोजतात. बीटा साखळीची सुरुवात अशी आहे: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन. सहाव्या आणि सातव्या, दोन्ही जागी ग्लुटामिक आहे. सातव्या जागी दुसरं काही असतं तर तुमच्या लगेच लक्षात आलं असतं, पण इथे चुकीच्या जागीही बरोबर दिसणारं उत्तर मिळतं. बदल सहाव्या जागी आहे. सिकलसेलमध्ये सातवा बदलत नाही.

आठ ठिकाणी उजेड पडला कारण २एचबीएसमध्ये शेजारी-शेजारी दोन पूर्ण रेणू आहेत, म्हणजे आठ साखळ्या. ए, सी, ई, जी या अल्फा, आणि बी, डी, एफ, एच या बीटा. अल्फाच्या सहाव्या जागी अॅस्पार्टिक आम्ल असतं, त्याचा इथे संबंध नाही. साखळी सांगून निवडा:

सिलेक्ट व्ही६, चेन बी+डी+एफ+एच अँड रेसि ६

चार व्हॅलिन मिळतील. पण २एचबीएस उघडण्याआधी वरची असेंब्ली सेटिंग काढून टाका, नाहीतर पायमॉल बंद करून नव्याने सुरू करा. 'असेंब्ली' म्हणजे सुटा एक रेणू. तुम्हाला तर दोन रेणू एकमेकांना टेकलेले हवेत.

तिसऱ्या अडचणीचं उत्तर जरा सावकाश वाचा, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. 'पोलर काँटॅक्ट्स' हायड्रोजन बंध शोधतं. व्हॅलिनच्या बाजूच्या शाखेत नुसते कार्बन आणि हायड्रोजन. ती हायड्रोजन बंध करूच शकत नाही. ग्लुटामिकवर ऋण भार असतो, त्याला बाहेर पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलिनला पाणी नको असतं. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर ८५ व्या जागी फेनिलअॅलानिन आणि ८८ व्या जागी ल्युसिन आहे, दोघेही पाणी टाळणारे. त्यांच्यामध्ये एक खोबण आहे आणि व्हॅलिन तिथे जाऊन बसतो. ही खोबण तुमच्या-माझ्या हिमोग्लोबिनमध्येही आहे, फक्त तिच्यात बसणारं काही आपल्याकडे नाही. पिवळी रेघ आली नाही ते अगदी बरोबर होतं. तुम्हाला हायड्रोजन बंध नको, जवळीक शोधायची आहे:

सिलेक्ट शेजार१, बायरेस (चेन ई+एफ+जी+एच विदिन ५ ऑफ (चेन बी+डी अँड रेसि ६))
सिलेक्ट शेजार२, बायरेस (चेन ए+बी+सी+डी विदिन ५ ऑफ (चेन एफ+एच अँड रेसि ६))

(निवडीची नावं इंग्रजी अक्षरांतच द्या, इथे समजण्यासाठी मराठीत लिहिली.) ५ म्हणजे पाच अँगस्ट्रॉम. एका रेणूतल्या दोन व्हॅलिनपैकी एकच या प्रकारे जोडला जातो, त्यामुळे काही व्हॅलिनच्या शेजारी कोणीच दिसणार नाही. तीही चूक नव्हे. ज्या निवडीत ८५ आणि ८८ येतील तीच तुमची जागा.

हीमचं सोपं आहे. कार्टून फक्त साखळीचं निघतं आणि हीम साखळीचा भाग नाही. 'शो स्टिक्स, रेसएन एचईएम' आणि लोहासाठी 'शो स्फिअर्स, एलेम एफई'. १एचएचओमधला ऑक्सिजन 'रेसएन ओएक्सवाय' या नावाने मिळेल.

फ्लेक्सबद्दल दुसऱ्या कोणी सांगितलेलं बरं.


निळीशाई

फ्लेक्सचं मी सांगते, छपाईचं काम करते.

तुमचं चित्र बहुधा पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी आहे. दुकानात ते जेपीजी झालं की पारदर्शक भाग काळा होतो. पायमॉलमध्ये 'बीजी_कलर व्हाइट' आणि 'सेट रे_ओपेक_बॅकग्राउंड, १' करून पांढरं पक्कं करूनच फाइल द्या.

फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला ३०० डीपीआय लागत नाही. सहा फुटी फ्लेक्स म्हणजे ७२ इंच. १०० डीपीआय धरला तरी ७२०० पिक्सेल, आणि चित्राला अर्धी जागा दिली तर ३६०० पुरले. म्हणून 'रे ३६००, २७००' (सावल्यांसकट बारकाईने चित्र काढणारी कमांड) आणि लगेच 'पीएनजी' कमांडने सेव्ह. मध्ये माउस हलवलात तर रे केलेलं चित्र जातं आणि स्क्रीनवरचं साधंच सेव्ह होतं. बऱ्याच जणांचं धुरकट चित्र यामुळेच येतं.

एक विनंती. दोन रेणूंना लाल आणि हिरवा रंग देऊ नका. हॉलमध्ये पन्नास-साठ पुरुष असतील तर त्यांत दोन-चार जणांना या दोन रंगांतला फरक दिसत नसतो. निळा आणि नारिंगी घ्या.


उतारवयातलाविद्यार्थी

मी निवृत्त प्राध्यापक आहे. मॅडमना एवढा खटाटोप करायची गरज नाही असं मला वाटतं. पायमॉलमध्ये म्युटाजेनेसिस नावाचा विझार्ड आहे. ४एचएचबी उघडा, बीटा ६ वर क्लिक करा, व्हॅलिन निवडा. सिकलसेल हिमोग्लोबिन तयार. वर्गासाठी तेवढं पुरेसं आहे.


स्फटिकवेडा

सर, आदराने सांगतो, या कामासाठी ते पुरणार नाही. विझार्ड फक्त त्या एका अमिनो आम्लाची बाजूची शाखा बदलतो. कणा जागचा हलत नाही, शेजारचा रेणू तर तिथे नसतोच. पडद्यावर दिसेल तो एकटाच रेणू, टोकाला एक वेगळा दाणा घेऊन. बघणाऱ्याला वाटेल की रेणूचा आकारच बिघडतो म्हणून आजार होतो. प्रत्यक्षात एकेकट्या रेणूचा आकार फारसा बदलत नाही, तो ऑक्सिजनही वाहून नेतो. घोटाळा दोन रेणू भेटतात तिथे आहे. २एचबीएसमध्ये ती भेट खऱ्या स्फटिकात मोजलेली आहे. मुलीने विचारलं होतं ते नेमकं हेच.


उतारवयातलाविद्यार्थी

पटलं. आमच्या वेळी तारेचे आणि प्लास्टिकचे सांगाडे होते, त्यात दुसरा रेणू जोडून दाखवायची सोयच नव्हती. मी एकाच रेणूचा विचार करत राहिलो. मॅडम, स्फटिकवेडा सांगतात तसंच करा.


वैनगंगाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेअकरापर्यंत लॅबमध्ये बसले होते, शिपाईदादा दोनदा येऊन बघून गेले.

१एचएचओ अख्खं आलं. असेंब्ली १ केल्यावर दुसरा अर्धा पडद्यावर उमटला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. ६ आणि ७ चा उलगडा झाल्यावर त्या मुलीचा कागद पुन्हा काढून बघितला. इतके दिवस मला वाटत होतं की कागदात चूक आहे आणि तिला कसं सांगावं.

८५ आणि ८८ सापडले. व्हॅलिन गोळ्यांच्या रूपात दाखवला, खोबण दिसावी म्हणून 'शो सरफेस' केलं. आता सगळ्याचा मिळून एकच मोठा गोळा झालाय. खोबण दिसत नाही, व्हॅलिन त्यात बुडालाय. दोन्ही रेणू एकमेकांत वितळल्यासारखे वाटतात. पारदर्शकता वाढवून बघितली तर धुकं दिसतं. शिवाय 'रे ३६००' केलं की पायमॉल बंद पडतं.


स्फटिकवेडा

सरफेस एका ऑब्जेक्टमधल्या सगळ्या अणूंचा मिळून काढला जातो. दोन्ही रेणू एकाच ऑब्जेक्टमध्ये आहेत, त्यामुळे जिथे ते टेकतात तिथे पृष्ठभागच उरत नाही, आणि तुमची खोबण नेमकी तिथेच आहे. दोन वेगळे ऑब्जेक्ट करा:

क्रिएट रेणू१, चेन ए+बी+सी+डी
क्रिएट रेणू२, चेन ई+एफ+जी+एच
डिसेबल २एचबीएस

ज्या रेणूत खोबण आहे फक्त त्याचाच सरफेस काढा. दुसऱ्याचं कार्टून ठेवा आणि त्यातला व्हॅलिन गोळ्यांत दाखवा. मग खोबणीतल्या ८५ आणि ८८ ला वेगळा रंग द्या. पारदर्शकता शून्यच असू द्या. व्हॅलिन बाहेरून येऊन बसलेला स्वच्छ दिसेल.

रे करताना बंद पडतं ते ४ जीबी रॅममुळे. 'सेट हॅश_मॅक्स, ८०' करून बघा, मूळ किंमत १०० असते. वेळ जास्त लागेल, पण मेमरी कमी लागेल. तरीही नाही जमलं तर 'ड्रॉ ३६००, २७००' वापरा. सावल्या तितक्या सुंदर येत नाहीत, पण फ्लेक्सला चालतं.


कोयनेचापाऊस

मधेच एक सुचवतो. कायमेरा-एक्स हे पायमॉलसारखंच दुसरं सॉफ्टवेअर वापरून बघितलंत का? त्यात सरफेस मुळातच प्रत्येक साखळीचा वेगळा निघतो, ही अडचण येणारच नाही. आणि १एचएचओसाठी 'सिम' कमांड आहे. शिक्षणासाठी फुकट आहे.


वैनगंगाकाठ

टाकून बघितलं होतं, खिडकी काळीच राहते.


कोयनेचापाऊस

मग तुमचं ग्राफिक्स जुनं असणार. कायमेरा-एक्सला ओपनजीएल ३.३ किंवा त्यापुढचं लागतं. इंटेलचा ड्रायव्हर नवा टाकून एकदा बघा. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत त्यांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन कायमेरा-एक्सला 'हाय परफॉर्मन्स' द्यावं. तुमच्याकडे एकच असेल तर पायमॉलवरच थांबा. कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले असताना घोडा बदलू नये.

हॉलमध्ये नेट असेल याची खात्री आहे का? 'फेच'ला नेट लागतं. तिन्ही फाइली आणि तयार सेशन पेनड्राइव्हवर घ्या. हॉलच्या लॅपटॉपवर जुनं पायमॉल असेल तर नवं सेशन उघडणार नाही. आदल्या दिवशीच त्यावर उघडून बघा. नाहीच उघडलं तर 'पीएसई_एक्सपोर्ट_व्हर्जन' या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीचा आकडा देऊन पुन्हा सेव्ह करा. आणि प्रत्येक दृश्य 'सीन' कमांडने साठवून ठेवा. घाईत रेणू भलतीकडे फिरला तर एका कळीत परत येता येतं.


वैनगंगाकाठ

झालं. दोन ऑब्जेक्ट केल्यावर खोबण दिसली. खरंच खोबण आहे हो! निळ्या पृष्ठभागावर पिवळा खळगा, आणि वरून नारिंगी व्हॅलिन त्यात टेकलेला.

आज दुपारी ती आली होती. कार्यक्रमाआधी तिला एकटीला दाखवावं असं वाटलं, सगळ्यांसमोर पहिल्यांदा बघायला लावणं बरं नव्हतं. मी काही बोलले नाही, माउस तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ नुसतं फिरवलं. मग जवळ नेलं, लांब नेलं. "हा माझा?" म्हणाली. मी म्हटलं, हा व्हॅलिन तुझा, आणि हा खळगा सगळ्यांचाच. मग तिने विचारलं की या दोघांच्या पुढे तिसरा, चौथा असे लागत जातात का. मी हो म्हटलं, लांब दोऱ्या तयार होतात आणि त्या पेशीला आतून ताणतात. ती म्हणाली, "मग या खळग्याच्या तोंडाशी काहीतरी बसवून ठेवता येत नाही का?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. उद्या सांगते म्हटलंय. कोणाला माहीत आहे का?


दूरदेशीचाडॉक्टर

हा प्रश्न त्या मुलीने आपणहून विचारला हे वाचून मी जागचा हललो नाही. मी परदेशात रक्तविकारांच्या रुग्णांवर उपचार करतो, मूळचा अकोल्याचा.

मॅडम, ज्या खोबणीत ८५ आणि ८८ आहेत तिथेच ८७ कडे बघा. बीटा साखळीत तिथे थ्रिओनिन असतं. आईच्या पोटात असताना आपल्या रक्तात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि तिच्यात ८७ व्या जागी ग्लुटामिन असतं. ते मोठं असतं, जोडणीत अडथळा आणतं. गर्भातलं हिमोग्लोबिन असलेला रेणू त्या दोरीत नीट बसत नाही. एसएस बाळांना पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, त्याचं कारण हेच हिमोग्लोबिन. ती हायड्रॉक्सियुरिया घेत असेल तर तिला सांगा की ते औषध हेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं.

तिने सुचवलं ते जवळजवळ शब्दशः करूनही झालं आहे. बीटा साखळीत ८७ व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन घातलेलं जनुक रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत सोडायचं, अशी एक जनुकोपचार पद्धत आहे. अमेरिकेत तिला ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता मिळाली. खर्च प्रचंड आहे, आधी केमोथेरपी घ्यावी लागते, आणि आपल्या गावाकडे हे उद्या येईल असं तिला वाटू देऊ नका. पण तिचा विचार बरोबर जागी पोचला होता, हे तिला जरूर सांगा.


स्फटिकवेडा

मॅडम, आता म्युटाजेनेसिस विझार्ड काढा, सरांनी सांगितलेला. सरफेस ज्या रेणूचा आहे त्यात, ८८ ज्या साखळीत सापडला त्याच साखळीतला ८७ निवडून ग्लुटामिन करा आणि वेगळा सीन साठवा. ही जागा कुठे आहे आणि किती मोठी होते एवढंच त्यातून दाखवायचं आहे, तेवढ्यासाठी विझार्ड योग्य आहे. खाली स्पष्ट लिहा: 'हा बदल संगणकावर केलेला आहे'. बाकीची चित्रं मोजलेल्या रचनेची, हे एक आपण केलेलं. दोन्हींत फरक ठेवा.


वैनगंगाकाठ

ठेवला. पाच सीन झाले: डीऑक्सी, ऑक्सी, दोन रेणू, खोबण, आणि पाचव्यात ८७, खाली तुम्ही सांगितलेली ओळ लिहून. हॉलच्या लॅपटॉपवर पायमॉल जुनं निघालं. आवृत्तीचा आकडा देऊन सेशन पुन्हा सेव्ह केलं, उघडलं.

फ्लेक्स आज आणला. पांढरा आलाय, निळा-नारिंगी. निळीशाईताई, कडा एकदम स्वच्छ.

ती हायड्रॉक्सियुरिया घेते. गेल्या वर्षी मधेच तीन महिने सोडली होती, आज सांगितलं तिने. ८७ बघून झाल्यावर वहीत तीन आकडे लिहून घेतले, ८५, ८७, ८८, आणि विचारलं की १९ तारखेला पाचवा सीन तिने सांगितला तर चालेल का. मी हो म्हटलंय. उद्या दुपारी तिची तालीम आहे.